शिकणं आणि वागणं यांचा अभ्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मानसशास्त्र शिकवताना हे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. काही बीएच्या वर्गातले आहेत, काही पालकसभेतले. दोन-तीन प्रश्न सकाळी अंबाझरीला फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींचे आहेत. त्यांना मानसशास्त्रापेक्षा तत्त्वज्ञानात जास्त रस असतो आणि वेळही भरपूर असतो. जिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे तिथे लांबलचक लिहिलं आहे, बाकी ठिकाणी थोडक्यात उरकलं आहे.

शिकणं म्हणजे नेमकं काय?

पाठ्यपुस्तकातलं उत्तर असं: अनुभवामुळे वागण्यात, किंवा वागण्याच्या क्षमतेत, होणारा बऱ्यापैकी टिकाऊ बदल. यातला प्रत्येक शब्द कशाला तरी बाहेर ठेवण्यासाठी घातलेला आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की अख्खं शहर चिडचिडं होतं आणि पहिला पाऊस पडला की निवळतं. हा बदल आहे, पण टिकाऊ नाही, म्हणून ते शिकणं नाही. चौदाव्या वर्षी पोराचा आवाज फुटतो. तो टिकतो, पण अनुभवामुळे आलेला नाही. दारूच्या नशेत माणूस वेगळा वागतो, थकून वेगळा वागतो, तेही यात बसत नाही.

‘क्षमतेत’ हा शब्द मात्र सगळ्यात महागात पडलेला आहे. शिकणं कुणालाच दिसत नाही. दिसतं ते वागणं. शिकलेला माणूस शिकलेलं दाखवेलच असं नाही, आणि न शिकलेला कधीकधी शिकल्यासारखा वागतो. दिसणाऱ्या वागण्यावरून न दिसणाऱ्या शिकण्याबद्दल किती बोलायचं, हाच या शास्त्राचा मूळ प्रश्न आहे. पुढची जवळजवळ सगळी भांडणं त्याच एका प्रश्नावरून झालेली आहेत.

मग वागण्यावरून अनुमान काढायचं तरी कसं?

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, याची तयारी फार आधी करून ठेवली आहे. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. उलट, अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे चूक. का? कारण धूर यायला ओलं सरपण लागतं. ही मध्येच लपलेली अट, तिला त्यांनी ‘उपाधी’ म्हटलं. दोन गोष्टी कायम बरोबर दिसतात, पण त्यांना बांधणारी तिसरीच कुणीतरी असते. प्रयोगाचा आराखडा करणारा संशोधक दिवसभर दुसरं काय शोधत असतो? उपाधीच.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे बर्लिनचा हान्स नावाचा घोडा. विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त शिक्षकानं त्याला गणित शिकवलं होतं. बेरीज विचारली की घोडा खुरानं तितके टोले मारायचा. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीनं पाहणी केली आणि तिला कुठलीही लबाडी सापडली नाही. खरोखर लबाडी नव्हतीच. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकानं दोन साध्या गोष्टी बदलल्या. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली, आणि घोड्याला विचारणारा दिसणार नाही असं केलं. दोन्ही वेळा घोड्याचं गणित कोसळलं. बरोबर टोला आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलत होतं आणि घोडा ते टिपत होता. फुंग्स्टनं १९०७ मध्ये हे सविस्तर छापलं.

दारात आलेला नंदीबैल ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. ‘यंदा पाऊस चांगला होणार का?’ आणि बैल मान डोलावतो. फरक एवढाच की नंदीवाल्याला आपण बैलाला काय शिकवलं ते पक्कं ठाऊक असतं, फॉन ओस्टेनला शेवटपर्यंत पटलं नाही. आणि गंमत बघा, घोडा शिकला नव्हता असं मुळीच नाही. तो फार बारीक गोष्ट शिकला होता. आपण समजत होतो ती नव्हे.

प्रयोगशाळेच्या शास्त्रात देकार्त, लॉक वगैरे तत्त्वज्ञ कशाला शिकायचे? परीक्षेपुरतं पाठ केलं तर चालेल न?

परीक्षेला चालेल. पण त्यांनी मांडलेली गृहीतकं प्रयोगशाळेत न सांगता शिरली, म्हणून ती ओळखता यायला हवीत.

देकार्तनं (१५९६–१६५०) माणसाचे दोन भाग केले: यंत्रासारखं शरीर आणि स्वतंत्र मन. प्राण्यांना त्यानं नुसतं यंत्र ठरवलं. राजेशाही बागांमध्ये पाण्याच्या दाबावर हलणारे पुतळे असत, त्यांचा दाखला देऊन त्यानं आपोआप होणाऱ्या हालचाली समजावल्या. प्रतिक्षेपाची, म्हणजे बाहेरून काही घडलं की शरीर आपोआप प्रतिसाद देतं ही, कल्पना इथून निघाली. पुढे १८६३ मध्ये रशियात सेचेनोवनं ती मेंदूपर्यंत नेली आणि तिथून पावलोव्हनं उचलली. जॉन लॉकनं जन्मजात कल्पना नाकारल्या: मन कोऱ्या कागदासारखं, त्यावर लिहितो तो अनुभव. मग अनुभव एकमेकांना चिकटतात कसे? अ‍ॅरिस्टॉटलनं उत्तर देऊन ठेवलंच होतं: जवळीक, साम्य, विरोध. ह्यूमनं त्यात कार्यकारणाचा संशय मिसळला. एकापाठोपाठ एक गोष्टी घडताना दिसतात, ‘यामुळे ते’ हे आपण सवयीनं घालतो, असं त्याचं म्हणणं.

हे सगळं खुर्चीत बसून केलेलं चिंतन होतं. १८८५ मध्ये हर्मान एबिंगहाऊसनं त्यातला ‘चिकटणं’ हा भाग मोजून दाखवला. विषय चिंतनातून मोजमापात गेला तो इथे. कसं मोजलं, ते शेवटच्या प्रश्नात आहे.

बाळ जन्मतः काय घेऊन येतं आणि काय शिकतं?

हा प्रश्न फिरायला येणाऱ्या मंडळींचा लाडका. त्यांच्यासाठी न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातली एक चर्चा सांगतो, कारण तितका नीट चाललेला वाद पुढे कित्येक शतकं झालेला नाही.

न्यायसूत्रांचा कर्ता गौतम (बुद्ध नव्हे) याला आत्मा नित्य आहे हे सिद्ध करायचं आहे. त्याचा पुरावा: नुकतंच जन्मलेलं बाळ हसतं, घाबरतं, रडतं. या जन्मात तर अजून काहीच अनुभवलेलं नाही, म्हणजे हे पूर्वीच्या अभ्यासाच्या स्मृतीतून आलं. प्रतिपक्षी म्हणतो, कमळ उमलतं आणि मिटतं, त्याला काय पूर्वजन्म आठवतो? उत्तर येतं: कमळाच्या उमलण्याला ऊन, थंडी, पाऊस अशी निमित्तं आहेत. मग गौतम पुढचा मुद्दा काढतो, बाळाला दुधाची ओढ असते. प्रतिपक्षी लगेच लोहचुंबक आणतो: लोखंड चुंबकाकडे जातं तसं. त्यावर गौतम म्हणतो की लोखंड वाटेल तिकडे जात नाही, म्हणजे त्यालाही ठरावीक कारण आहे; मग बाळाच्या ओढीचं कारण सांगा.

निष्कर्ष बाजूला ठेवा. वादाची पद्धत बघा. ‘हे स्वभावतःच होतं’ असं म्हटल्यानं काही समजावलं जात नाही, हे गौतमानं बरोबर पकडलं. आणि शिकण्याशिवाय दुसरी कारणं असू शकतात, हे प्रतिपक्ष्यानं बरोबर पकडलं. आज दुधाच्या ओढीला आपण जन्मजात चोखण्याची प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतो आणि तिचं कारण उत्क्रांतीत शोधतो. म्हणजे पूर्वीचा अनुभव आहे, पण त्या बाळाचा नव्हे, त्याच्या वंशाचा. आणि तोही स्मृतीच्या रूपात नाही.

गोष्ट इथे संपली असती. पण १९८६ मध्ये डीकॅस्पर आणि स्पेन्स यांनी गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आयांना एक ठरावीक गोष्ट रोज मोठ्यानं वाचायला सांगितली. जन्मल्यावर बाळं चोखणीवरचा चोखण्याचा ताल बदलून तीच गोष्ट ऐकणं पसंत करत होती, वाचणारी बाई दुसरी असली तरी. म्हणजे नवजात बाळ थोडंफार शिकूनच येतं!

आता अभिमन्यू आठवला असेल. जरा थांबा. या बाळांनी आवाजाची लय ओळखली, अर्थ नाही. चक्रव्यूह फार लांब राहिला. या एका प्रयोगाच्या जोरावर पोटातल्या बाळाला गणित, श्लोक आणि नेतृत्वगुण शिकवण्याचं पॅकेज विकणाऱ्यांनी उपाधी हा शब्द एकदा नीट वाचावा. जी आई असे वर्ग लावते तिच्या घरी जन्मानंतरही पुस्तकं, वेळ आणि पैसा असतो.

उंदीर आणि कबुतरांवरून माणसाबद्दल काय कळणार?

डार्विननंतर हा प्रश्न उलटा झाला. प्राणी आणि माणूस यांच्यातला फरक प्रकाराचा नसून प्रमाणाचा असेल, तर काहीच कळणार नाही असं म्हणणाऱ्यानं कारण द्यायला हवं. सुरुवातीला मात्र याचा अतिरेक झाला. जॉर्ज रोमेन्सनं १८८२ मध्ये प्राण्यांच्या बुद्धिमत्तेवर ग्रंथ लिहिला, त्यात लोकांनी कळवलेल्या मांजरा-कुत्र्यांच्या चतुराईच्या हकिकती भरपूर होत्या. १८९४ मध्ये लॉइड मॉर्गननं लगाम घातला: साध्या मानसिक क्रियेनं वागणं समजावता येत असेल तर उच्च क्रियेचा आधार घेऊ नका. त्याचा टोनी नावाचा कुत्रा डोक्यानं फाटकाची कडी उचलून बाहेर पडायचा. पाहणारा म्हणेल, काय अक्कल आहे! मॉर्गननं ती सवय लागताना पाहिली होती. फाटकाच्या गजांतून डोकं घालता घालता कडी चुकून उचलली गेली होती.

थॉर्नडाइकनं १८९८ मध्ये मांजरांना पेटाऱ्यांत कोंडून सुटायला लागणारा वेळ मोजला. वेळ हळूहळू कमी होत गेला. एकदम ‘कळलं!’ असा क्षण आकड्यांत दिसला नाही. ज्या कृतीनंतर समाधान मिळतं ती पक्की होते, हा त्याचा परिणामाचा नियम. (त्याआधीची त्याची कोंबडीची पिल्लं विल्यम जेम्सच्या घराच्या तळघरात राहत होती. मोठ्या माणसांकडे अशीही मदत मागता येते.)

पावलोव्हची घंटा म्हणजे नुसती सवयच न?

कुत्र्याला खाण्याआधी दर वेळी एखादा आवाज ऐकवला की पुढे नुसत्या आवाजानंही लाळ सुटते, या जोडणीला अभिसंधान म्हणतात. त्यातली घंटा जरा जास्तच प्रसिद्ध झाली. प्रयोगशाळेत मेट्रोनोम, बझर, दिवे असं बरंच काही वापरलं जायचं. आणि पावलोव्हला १९०४चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, लाळेच्या अभिसंधानासाठी नव्हे.

नागपुरी उदाहरण घ्या. उन्हाळ्यात दुपारचं जेवण झालं, कूलर सुरू झाला, झोप लागली. असं रोज झालं की पुढे कूलरची घरघर ऐकताच डोळे जड होतात. वर्गात कुणीतरी लगेच म्हणतं, ‘सर, झोप तर थंड हवेनं येते.’ आक्षेप अगदी रास्त आहे आणि हीच इथली उपाधी. मग डिसेंबरमध्ये, जेवणाची वेळ नसताना, मोबाइलवर नुसता तो आवाज लावून पाहायचा. तरीही जांभई आली तर बोलू.

पुढे यात एक महत्त्वाची भर पडली. दोन गोष्टी सोबत आल्या की त्या जोडल्या जातात, अशी जुन्या तत्त्वज्ञांची समजूत होती. रॉबर्ट रेस्कॉर्लानं १९६८ मध्ये दाखवलं की ते पुरेसं नाही. ध्वनीसोबत विजेचा झटका बसतो, पण ध्वनी नसतानाही झटक्याची शक्यता तितकीच असेल, तर उंदीर ध्वनीला घाबरत नाही. ध्वनीनं काहीतरी नवीन सांगितलं पाहिजे. प्राणी नुसत्या जोड्या जुळवत बसत नाही, पुढे काय येणार याचा अंदाज बांधतो.

कशाचीही सांगड कशाशीही घालता येते का?

लॉकच्या कोऱ्या कागदावर हवं ते लिहिता यायला हवं. पावलोव्ह आणि वर्तनवादी स्किनर यांच्या पठडीतही बराच काळ हेच धरून चाललेले होते. ते मोडलं जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांच्या १९६६च्या प्रयोगानं. उंदरांना चव असलेलं पाणी प्यायला दिलं आणि पिताना दिवा चमके, टिकटिक होई. काहींना नंतर आजारी पाडलं, काहींना झटका दिला. आजारी पडलेल्यांनी ती चव टाळली, दिवा आणि आवाज टाळला नाही. झटका बसलेल्यांनी नेमकं उलट केलं.

सावजीकडे मटण खाऊन रात्री पोट बिघडलेला माणूस हे कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं सांगेल. हॉटेलचं टेबल, सोबतचे मित्र, टीव्हीवरची मॅच यातलं काहीच नकोसं होत नाही. त्या रश्श्याचा नुसता वास नको होतो. तोही एकाच अनुभवात, आणि जेवण ते उलटी यात काही तास गेलेले असताना. आदल्या दिवसापासून पोटात विषाणू होता असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी जीभ ऐकत नाही. जीव कुठला धडा पटकन शिकणार आणि कुठला शिकणारच नाही, हे त्याच्या वंशाच्या इतिहासानं काही अंशी ठरवून ठेवलेलं असतं. माझ्या मते या शास्त्राच्या इतिहासातला हा सगळ्यात सुंदर प्रयोग आहे, कारण त्यानं एका तत्त्वज्ञानाला पाण्याच्या बाटलीनं उत्तर दिलं.

वर्तनवाद म्हणजे ‘मन नाही’ असं म्हणणारे लोक, बरोबर?

बहुतेक गाइडांमध्ये असंच छापलेलं असतं आणि ते अर्धवट आहे. वर्तनवाद किमान दोन आहेत.

जॉन वॉटसननं १९१३ मध्ये जाहीर केलं की मानसशास्त्राचा विषय वागणं हाच असावा. आत डोकावून दिलेली वर्णनं दुसऱ्याला पडताळता येत नाहीत. ही पद्धतीबद्दलची अट होती. डझनभर निरोगी बाळं द्या, हवं ते बनवून दाखवतो, हे त्याचं विधान सगळ्यांना ठाऊक असतं. आपण पुराव्याच्या पुढे जाऊन बोलतोय हे त्यानं तिथेच लगेच कबूल केलं होतं, ते कुणी सांगत नाही.

स्किनरची भूमिका वेगळी. त्याच्या मते दातदुखी, विचार, आठवण या सगळ्या खऱ्या घटना आहेत, फक्त त्या एकाच माणसाला जाणवतात. पण त्यांना वागण्याचं मूळ कारण मानू नका, कारण त्याही कशामुळे तरी घडतात. इथे त्याचा रोख एका नेहमीच्या चुकीवर आहे. पोरगा अभ्यास करत नाही. का? आळशी आहे. आळशी कशावरून? अभ्यास करत नाही त्यावरून! गोल फिरून तिथेच आलो आणि मध्ये कारण सांगितल्याचं समाधान फुकटात मिळालं. स्वभाव, वृत्ती, जिद्द, अहंकार, सगळीकडे ही गोष्ट चालते. पालकसभेत मी ‘आळशी’ हा शब्द फळ्यावर लिहून खोडतो आणि विचारतो: पुस्तक उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत त्याच्याबाबतीत काय घडतं? उत्तरं निघतात. शेजारच्या खोलीत टीव्ही असतो. पहिलंच गणित सुटत नाही. बाबा मागे उभे राहून चुका काढतात.

स्किनर मला इथपर्यंत पूर्ण पटतो. आतल्या गोष्टींना कारण म्हणायचंच नाही, या हट्टापाशी पटत नाही, आणि त्याचं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

बक्षीस नसताना माणूस शिकतो का?

शिकतो, आणि ते बाहेर दिसतही नाही. टॉलमन आणि हॉन्झिक यांनी १९३० मध्ये उंदरांचे तीन गट भूलभुलैयात सोडले. एका गटाला शेवटी रोज खाणं, दुसऱ्याला कधीच नाही. तिसऱ्याला पहिले दहा दिवस काही नाही आणि अकराव्या दिवसापासून खाणं. तिसरा गट दहा दिवस निवांत भटकत होता, चुका तशाच. खाणं मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या चुका रोज खाणाऱ्यांइतक्या कमी झाल्या. म्हणजे वाट त्यांना आधीच माहीत होती. दाखवायचं कारण नव्हतं.

इतवारीच्या गल्ल्यांतून रोज बाबांच्या गाडीवर मागे बसून जाणाऱ्या मुलीला रस्ता विचारला तर ती खांदे उडवते. एक दिवस स्कूटी तिच्या हातात येते आणि ती न विचारता किराणा ओळीत पोचते. टॉलमन म्हणाला, डोक्यात नकाशा तयार होतो. आता हा नकाशा कुणी पाहिलेला नाही. तरी तो मानल्याशिवाय हे वागणं समजावता येत नाही, आणि तो मानल्यावर नवीन भाकितं करता येतात: नेहमीचा रस्ता खोदून ठेवलेला असेल तर ती कुठल्या गल्लीतून वळेल? ‘आळशी’पणात आणि ‘नकाशा’त फरक आहे तो इथेच.

पोट्टा ऐकतच नाही. मारायचं नाही तर काय करायचं?

शिक्षेनं वागणं दबतं हे खरं आहे; ताबडतोब, दर वेळी आणि जोरात दिली तर फारच. १९६६ मध्ये अ‍ॅझ्रिन आणि होल्झ यांनी त्या काळापर्यंतचे प्रयोग एकत्र मांडून हेच दाखवलं. घरात आणि शाळेत यातलं काहीच पाळलं जात नाही. मार उशिरा, कधीतरी, आणि मारणाऱ्याच्या मूडप्रमाणे पडतो. त्यातून पोरगं शिकतं ते एवढंच की बाबा घरात असताना मोबाइल घ्यायचा नाही. शिक्षा काय करू नये ते सांगते, काय करावं ते सांगत नाही. शाळेपुरतं बोलायचं तर २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बेकायदेशीर आहेत.

मग लोक मारत का राहतात? कारण शिकवणी दोन्हीकडून चालू असते. थप्पड बसली की कटकट थांबते. ही शांतता मारणाऱ्याला मिळालेलं बक्षीस आहे, म्हणून त्याचा हात पुढच्या वेळी लवकर उठतो. याला ऋण प्रबलन म्हणतात: नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे एखादं वागणं वाढणं. परीक्षेत मुलं याला शिक्षा समजून मार्क घालवतात. करायचं काय, तर त्रासदायक वागण्यानंतर त्याला काय मिळतं ते आठवडाभर नुसतं लिहून काढा, आणि तेच त्याला दुसऱ्या, बऱ्या वागण्यानंतर मिळू द्या. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

आणि बक्षिसांनी मूल लालची होतं का?

कधीकधी. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३च्या प्रयोगात, ज्या बालवाडीतल्या मुलांना चित्र काढल्याबद्दल प्रमाणपत्र मिळेल असं आधी सांगितलं होतं, त्यांचा चित्रकलेतला रस नंतर कमी झाला. अनपेक्षित प्रमाणपत्र मिळालेल्यांचा झाला नाही. तेव्हा जे मूल आपणहून करतंय त्याला लाच देऊ नका. जे मुळीच करत नाही त्याला सुरुवातीला थोडं आमिष दाखवायला हरकत नाही.

बुद्धाचा प्रतीत्यसमुत्पाद आणि वर्तनवाद यांत साम्य आहे का?

दीक्षाभूमीच्या शहरात हा प्रश्न येणारच. साम्य आहे. ‘हे असताना ते होतं, हे नसताना ते होत नाही’ हे प्रतीत्यसमुत्पादाचं सूत्र, आणि ही प्रयोगशाळेतल्या नोंदवहीचीच भाषा आहे. आत बसलेला वेगळा कर्ता मानायची गरज नाही, हेही दोघांना मान्य. ह्यूमही १७३९ मध्ये, आत पाहिलं तर संवेदनांची मोळी सापडते, ‘मी’ सापडत नाही, असं म्हणत होता.

पण साम्य ताणू नये. बौद्ध विचाराचा हेतू दुःखाचा निरोध हा आहे आणि त्यात स्वतःच्या मनाचं जवळून निरीक्षण हे मुख्य साधन आहे. वॉटसननं नेमकं तेच साधन मोडीत काढलं. कर्म आणि चेतना (म्हणजे त्यामागचा हेतू) यांना तिथे जे नैतिक वजन आहे ते स्किनरच्या तक्त्यात कुठेच बसत नाही.

भाषाही अशीच शिकली जाते का?

स्किनरनं १९५७ मध्ये तसं मांडलं, १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीनं त्यावर झोडपणारं परीक्षण लिहिलं. लहान मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतं. घरात तसं कुणी बोलत नाही, त्याला त्याबद्दल शाबासकीही मिळत नाही. म्हणजे पोर नुसती नक्कल करत नाही, नियम काढतं. मात्र तो नियम काढण्याची यंत्रणा भाषेपुरती वेगळी जन्मजात आहे की सर्वसाधारण शिकण्याचीच, हा वाद अजून मिटलेला नाही.

आता मेंदू पाहता येतो, मग हे जुने प्रयोग कशाला?

मेंदूत काय शोधायचं हे त्यांनीच सांगितलं म्हणून. एरिक कँडलनं समुद्री गोगलगाईत शिकताना चेतापेशींच्या जोडण्या कशा बदलतात ते दाखवलं आणि २०००च्या नोबेलचा तो एक मानकरी झाला. पण एखाद्या गोष्टीला सरावून प्रतिसाद मंदावणं, किंवा उलट संवेदना तीव्र होणं, हे प्रकार त्याआधी वागण्याच्या अभ्यासातूनच ठरलेले होते. रेस्कॉर्ला आणि वॅग्नर यांनी १९७२ मध्ये एक समीकरण मांडलं: अपेक्षेपेक्षा वेगळं घडलं तरच शिकणं होतं, आणि फरक मोठा तितकं शिकणं जास्त. १९९०च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांना माकडांच्या डोपामाइन पेशींत जवळजवळ हाच हिशेब सापडला. अनपेक्षितपणे फळाचा रस प्यायला मिळाला की पेशी पेटतात, अपेक्षित रसाला गप्प, आणि अपेक्षा असताना रस आला नाही तर नेहमीपेक्षाही शांत. संगणकाला प्रबलनातून, म्हणजे बक्षिसासारख्या परिणामांतून, शिकवण्याची जी शाखा आहे तिचं मूळही याच कुळातलं. तिच्यासाठी बार्टो आणि सटन यांना २०२४चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

वर्ध्याची नई तालीम यातच मोडते का?

थेट नाही. १९३७च्या वर्धा परिषदेतून आलेली ती योजना हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची होती आणि तिची मुळं गांधीजींच्या श्रमविचारात होती, प्रयोगशाळेत नव्हती. सूत कातताना चूक झाली की धागा लगेच तुटतो, हा फायदा मात्र थॉर्नडाइकनंही मान्य केला असता.

असे प्रयोग आज करू देतात का?

पुष्कळसे नाही. वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये सुमारे अकरा महिन्यांच्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती घातली, लोखंडी सळईवर हातोडा मारून, आणि ती काढून टाकली नाही. आज कुठलीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही. प्राण्यांसाठी आपल्याकडे १९६०चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आहे. गल्लीतल्या कुत्र्यांवर ‘प्रोजेक्ट’ करायची कल्पना घेऊन दर वर्षी कुणीतरी येतं. लांबून पाहा, लिहा. बाकी काही नको.

घरी करून पाहता येईल असं काही आहे का?

एबिंगहाऊसचा प्रयोग. साहित्य म्हणजे कागद, पेन आणि घड्याळ. विषय तुम्ही स्वतः, कारण त्याचाही विषय तो स्वतःच होता.

तीन अक्षरांचे बारा-तेरा निरर्थक गट तयार करा. ठरावीक वेगानं वाचत जा आणि न पाहता बिनचूक म्हणता येईपर्यंत किती वाचनं लागली ते लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तीच यादी पुन्हा पाठ करा. काहीच आठवत नाही असं वाटेल, पण वाचनं कमी लागतील. जितकी वाचनं कमी लागली तितकी तुमची बचत. एबिंगहाऊसला एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के बचत मिळाली आणि महिन्यानंतर सुमारे २१ टक्के. म्हणजे घसरण सुरुवातीला वेगानं होते, मग मंदावते. जे आठवत नव्हतं ते शिल्लक होतं, हे त्यानं अशा रीतीनं मोजलं.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी याला एक जोड द्यावी: एक यादी चार वेळा सलग वाचा, दुसरी एकदा वाचून तीनदा पुस्तक मिटून आठवून लिहा. पाच मिनिटांनी तपासलंत तर पहिली जिंकेल, आठवड्यानं दुसरी. रोडिगर आणि कार्पिक यांना २००६ मध्ये उताऱ्यांबाबत असंच आढळलं होतं.

यादी करताना एक काळजी घ्या. गट मराठीत निरर्थक असून भागत नाही. नागपुरात राहायचं म्हणजे हिंदी आणि वऱ्हाडीही चाळून घ्यावी लागते. एखादा अर्थाचा शब्द घुसला तर तो पहिल्याच वाचनात बसेल आणि हिशेब बिघडवेल. असा गट सापडला की खोडा आणि यादी पहिल्यापासून सुरू करा.